‘आज काय करायचं?’ हे रोज ठरवू नका: स्वयंपाक करायचा कंटाळा असणाऱ्यांसाठी आठवड्याची मांडणी

आठवड्याच्या जेवणाचा तक्ता माझ्याकडून अनेकांनी लिहून नेला आणि बहुतेकांचा तो बुधवारपर्यंत मोडला. का मोडला, हे प्रत्येकाला विचारत गेले तेव्हा दोन चुका सगळीकडे सारख्याच निघाल्या. एक, आधी बाजारातून पिशव्या भरून माळवं, म्हणजे भाजीपाला, आणायचं आणि मग त्यातून काय करता येईल ते ठरवायचं. दुसरी, तक्त्यात असे पदार्थ लिहायचे जे त्या घरात वर्षातून एकदाही होत नाहीत. ज्याला स्वयंपाकाची आवड आहे त्याचं यातूनही निभावतं. ज्याला ओट्यापाशी उभं राहायचाच कंटाळा आहे, त्याचं नाही निभावत. दिवसभराचं काम उरकून आल्यावर त्याला नवीन काही ठरवायला लावलं की गाडी तिथंच अडते.

म्हणून खालच्या पायऱ्या याच क्रमानं करा. पहिल्या तीन पायऱ्यांत काहीही शिजवायचं नाही आणि नेमक्या त्याच लोक गाळतात. मापं मी चार माणसं, दोन डबे, दोन बर्नरची शेगडी आणि एक फ्रिज असं घर धरून दिली आहेत. तुमच्या घराप्रमाणे कमीजास्त करा.

## पायरी १: आठ दिवस नुसतं लिहून ठेवा

एक जुनी वही घ्या. रोज रात्री झोपण्यापूर्वी चार गोष्टी लिहा: सकाळी काय केलं, रात्री काय केलं, काय उरलं, काय टाकून दिलं. बाहेरून काही मागवलं असेल तर तेही लिहा. या आठ दिवसांत जेवणात काही सुधारणा करू नका. वहीत चांगलं दिसावं म्हणून मुद्दाम काही केलंत तर पुढची सगळी मांडणी खोटी होते.

नवव्या दिवशी वही उघडा आणि घरात कुणी कुरकुर न करता जे पदार्थ खाल्ले त्यांची यादी काढा. साधारण बारा ते पंधरा पदार्थ निघतात. आमटी, मेथी, भेंडी, पिठलं, मटकी, अंड्याचं कालवण, खिचडी, बटाट्याची भाजी. एवढे पुरतात. प्रत्येकापुढे वेळ लिहा: पाव तास, अर्धा तास की तासाच्या वर. तासाच्या वर लागणारं सगळं कामाच्या दिवसांतून बाद करा, मग ते कितीही आवडीचं असो.

तपासा: यादीत ज्याची कृती बघावी लागते असा एकही पदार्थ नको. कृती बघावी लागली तर तो रविवारचा.

## पायरी २: कंटाळा नेमका कशाचा आहे ते शोधा

‘मला स्वयंपाकच आवडत नाही’ या वाक्यात पाच वेगवेगळ्या गोष्टी असतात. ठरवण्याचा कंटाळा, निवडण्या-चिरण्याचा, चपात्या लाटण्याचा किंवा भाकरी थापण्याचा, उन्हाळ्यात शेगडीपुढं उभं राहण्याचा आणि मागून भांडी आवरण्याचा. प्रत्येकावर उपाय निराळा आहे. ठरवण्याचा त्रास तक्त्यानं जातो. चिरण्याचा त्रास रविवारच्या तयारीनं निम्मा होतो. पण भाकरी-चपातीचा कंटाळा असेल तर तक्ता काहीच करू शकत नाही. तिथं काम दुसऱ्याकडं द्यावं लागतं.

कोल्हापुरात आता बऱ्याच गल्ल्यांत घरगुती चपाती-भाकरी करून देणाऱ्या बायका आहेत. त्यात कमीपणा काही नाही. फक्त आधी हिशेब मांडा: रोजची संख्या, गुणिले दर, गुणिले महिन्याचे दिवस. पूर्ण महिना परवडत नसेल तर फक्त रात्रीच्या भाकरी बाहेरून घ्या आणि डब्याच्या चपात्या घरी करा, कारण सकाळी सात वाजता बाहेरच्या चपातीची वाट बघत बसणं जमत नाही.

## पायरी ३: घरातल्यांशी एकदाच, सगळे असताना बोला

हे बोलणं रात्रीच्या जेवणानंतर पाटावर बसूनच करा, भुकेच्या वेळी करू नका. तीन गोष्टी पक्क्या व्हायला हव्यात.

पहिली, एका वेळेला एकच भाजी किंवा कालवण. ज्याला ते नको असेल त्यानं दही, चटणी, शेंगदाण्याचा कूट किंवा गूळ-तूप घेऊन जेवायचं. दुसरं काही करून मिळणार नाही.

दुसरी, तिखटाचा प्रश्न. आपल्याकडं घराघरात यावरून दोन पातेली होतात, एक मुलांचं आणि एक मोठ्यांचं. त्याऐवजी मिसळीचा नियम घरी आणा. कालवण बेताच्या तिखटाचं करा आणि कट वेगळा ठेवा. फोडणीच्या पळीत दोन मोठे चमचे तेल तापवा, गॅस बंद करा, दहा-बारा सेकंद थांबा, मग एक चमचा कांदा-लसूण चटणी (आपला तिखट मसाला) घाला आणि लगेच कालवणातला एक डाव गरम रस्सा त्यावर ओता. ज्याला झणझणीत हवं त्यानं वाटीत वरून घ्यायचं. तेल धुरावलेलं असताना चटणी टाकली तर ती क्षणात काळी पडते आणि सगळा कट कडू होतो. इथं घाई नको.

तिसरी, कामाची वाटणी. तक्ता कुणी लिहायचा, माळवं कुणी आणायचं, लसूण कुणी सोलायचा, ओटा कुणी पुसायचा, हे नावानिशी ठरवा. ‘सगळ्यांनी मदत करायची’ असं ठरलं की शेवटी एकाच माणसाच्या गळ्यात पडतं. दहा वर्षांचं मूल लसूण सोलू शकतं, शेंगा फोडू शकतं, ताटं-पाणी घेऊ शकतं. नवऱ्यानं रविवारचं मटण केलं म्हणजे त्याचा आठवडा भरला, असं होत नाही. सहा दिवसांच्या भाजीपुढं तो एक रस्सा फार लहान आहे.

## पायरी ४: वारांना पदार्थ देऊ नका, प्रकार द्या

सगळ्यात जास्त चुका इथं होतात, म्हणून जरा सावकाश वाचा.

‘मंगळवारी भेंडी’ असं लिहिलं आणि बाजारात भेंडी निबर निघाली की तक्ता मोडला. ‘मंगळवारी कोवळी फळभाजी’ असं लिहिलं तर गवार, दोडका, भेंडी, जे चांगलं मिळेल ते चालतं. बाजारात गेल्यावर निवड आपोआप सोपी होते.

आणि क्रम नासण्याच्या वेगानं लावायचा. जे आधी खराब होतं ते आधी. रविवारी बाजार केला असं धरून माझ्या घरचा क्रम सांगते.

सकाळी डब्यासाठी कोरडी भाजी लागते. सोमवारी मेथी किंवा पोकळा, म्हणजे कुठलीही पालेभाजी. मंगळवारी दुसरी पालेभाजी किंवा भेंडी. बुधवारी गवार, दोडका. गुरुवारी वांगी किंवा ढबू मिरची. शुक्रवारी कोबी किंवा फ्लॉवर. शनिवारी बटाटा, कारण तोपर्यंत दुरडीत दुसरं काही राहिलेलं नसतं.

रात्री पातळ. सोमवारी आमटी-भात. त्या वेळी डाळ दुप्पट शिजवून निम्मी, फोडणी न घालता, फ्रिजमध्ये ठेवायची. मंगळवारी त्याच डाळीत पालक किंवा टोमॅटो. बुधवारी अंड्याचं कालवण. शाकाहारी घर असेल तर अख्खा मसूर. गुरुवारी खिचडी. शुक्रवारी मोड आलेल्या मटकीची उसळ. शनिवारी पिठलं-भाकरी, खर्डा आणि दही. रविवार मोकळा. मटण असो, बाहेरची मिसळ असो, ज्याला ज्याची आवड त्यानं पुढं व्हावं आणि कंटाळा असणाऱ्या माणसाला त्या दिवशी ओट्यापासून सुट्टी द्यावी.

नाष्ट्याला दोनच प्रकार ठेवा, आलटून पालटून. पोहे आणि उप्पीट. तिथं विविधता आणण्याच्या नादात सकाळ जाते.

तपासा: भिंतीवरचं कॅलेंडर शेजारी घेऊन बसा. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी, घरातले वाढदिवस, पाहुणे, मुलांच्या परीक्षा. रात्री सुटणारा उपास अर्ध्या घराला असेल तर त्या रात्री उपास सोडायला आणि बाकीच्यांना चालेल असं एकच लिहा, आमटी-भात किंवा खिचडी. श्रावणात अंडं-मटणाच्या जागी काय, तेही आत्ताच लिहून टाका.

राखीव जेवणं: दोन जेवणं अशी ठेवा ज्यांना बाजारातलं काहीच लागत नाही. माझी मूगडाळीची खिचडी आणि डाळकांदा. त्यांचं सामान एका वेगळ्या डब्यात एकत्र ठेवलेलं असतं: मोजलेली डाळ, तांदूळ, सुकी मिरची. फळीवरचा हा डबा वापरला की दुसऱ्याच दिवशी भरायचा. अंगात ताप असताना, उशीर झाला असताना किंवा नुसतं मन नसताना हाच डबा बाहेरून मागवण्यापासून वाचवतो.

## पायरी ५: यादी, आणि मग बाजार

तक्ता लिहून झाल्याशिवाय पिशवी उचलू नका.

यादी दुकानाप्रमाणे तोडा: किराणा महिन्याचा, माळवं आठवड्याचं, दूध रोजचं. लक्ष्मीपुरीचा रविवारचा बाजार असो, कपिलतीर्थ मंडई असो की घराजवळचा गाडा, यादी हातात असेल तर फेरी अर्ध्या तासात उरकते.

चार माणसांसाठी मापं: फळभाजी एका वेळेला अर्धा किलो. मेथी मध्यम असेल तर दोन जुड्या, कारण शिजल्यावर ती मूठभर होते. आमटीला पाऊण वाटी तूरडाळ. उसळीला एक वाटी कोरडी मटकी, मोड आल्यावर ती अडीच ते तीन पट होते. ज्वारीचं पीठ किलोभर घेतलं तर साधारण १२-१३ मध्यम भाकरी होतात.

सावध: संध्याकाळी बाजार उठायच्या वेळी वाटे स्वस्त होतात आणि हात पुढं जातो. एकदा मी अशाच मेथीच्या पाच जुड्या आणल्या, प्लॅस्टिकच्या पिशवीत तशाच फ्रिजमध्ये सारल्या आणि गुरुवारी पिशवी उघडली तर आत काळं पाणी सुटलेलं. तीन जुड्या कचऱ्यात गेल्या. तेव्हापासून यादीत नाही ते घरात नाही.

ज्वारीच्या पिठाबद्दल एक वेगळं सांगायला हवं. ‘मला भाकरी जमत नाही’ म्हणणाऱ्या निम्म्या लोकांचा दोष हातात नसून पिठात असतो. महिन्याचं पीठ एकदम दळून आणलं की त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते आणि थापताना भाकरीला कडेनं भेगा पडतात. आठ-दहा दिवसांपुरतं, दोन किलोच दळून आणा. तरी विरी गेलीच असेल तर उकळतं पाणी घालून पीठ मिसळा, झाकून पाच मिनिटं ठेवा आणि तळहाताच्या टाचेनं चांगलं मळा. एकावेळी एका भाकरीपुरताच गोळा घ्या.

## पायरी ६: रविवारचे दीड तास

आठवड्याचं जेवण रविवारीच शिजवून ठेवायचं नाही. फक्त रोजचा वेळ खाणारी तयारी करायची. क्रम असा.

१. आधी शेंगदाणे मंद आचेवर भाजायला ठेवा, अर्धा किलो. भाजून झाले की ताटात पसरा. पूर्ण गार झाल्याशिवाय मिक्सरला लावू नका, गरम असताना तेल सुटून कुटाचे गोळे होतात.

२. त्याच कढईत वाटणाचं. सहा मध्यम कांदे उभे चिरून तेलावर तांबूस परता, एक वाटी सुकं खोबरं वेगळं भाजा, पंधरा-वीस लसूण पाकळ्या, बोटभर आलं, मूठभर कोथिंबीर. गार करून शक्यतो पाणी न घालता वाटा. चार छोट्या डब्यांत भरा, त्यातला बुधवारचा डबा खाली फ्रिजमध्ये आणि बाकीचे वर बर्फाच्या कप्प्यात. हे एकच वाटण अंड्याच्या कालवणाला, मसुराला, वांग्याला आणि मटकीला चालतं. चव बदलते ती त्यात किती चटणी, किती कूट आणि किती पाणी जातं त्यावर.

३. वाटण गार होईपर्यंत पालेभाजी निवडा. निवडा, पण धुऊ नका. कोरड्या सुती फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवा आणि करायच्या वेळी धुवा. ओली भाजी एका दिवसात कुजायला लागते.

४. मिरच्यांचे देठ काढा, लसूण सोलून घ्या. हे मुलांकडं द्या.

५. शेवटी ओटा, आणि मग बसा.

भेंडी, वांगी, बटाटे आधी चिरून ठेवू नका. वांगं आणि बटाटा काळे पडतात, भेंडी चिकट होते. वाचलेला वेळ दुप्पट त्रासानं परत जातो.

तपासा: तक्त्यावर बुधवार रात्रीपुढं ‘मटकी भिजत’ आणि गुरुवार सकाळपुढं ‘मटकी बांधणे’ असं लाल पेननं लिहिलंय का? उसळ चुकते ती फोडणीत चुकत नाही, ती दोन दिवस आधी विसरलेली असते. पावसाळ्यात आणि थंडीत मोड सावकाश येतात, तेव्हा बांधलेलं फडकं पिठाच्या डब्याशेजारी उबेला ठेवा आणि अर्धा दिवस जास्त धरा.

## पायरी ७: संध्याकाळी शेगडीचा क्रम

जेवणाला दीड तास लागतो अशी तक्रार असेल तर बहुतेक वेळा कुकर उशिरा लागलेला असतो. घरात आल्याबरोबर डाळ-तांदूळ धुऊन ठेवा, मग हातपाय धुवा, चहा घ्या.

सात वाजता कुकर लावा. खाली डाळीत चिमूटभर हळद आणि दोन थेंब तेल, वर भात. तीन-चार शिट्ट्या. तोवर कांदा, टोमॅटो, कोथिंबीर चिरून होते. कुकर बंद केल्यावर वाफ जिरायला दहा मिनिटं तरी लागतात. ती दहा मिनिटं मोकळी घालवू नका. दुसऱ्या शेगडीवर तवा आधीच तापलेला असला पाहिजे, भाकरी या वेळेत सुरू होतात. कुकर उघडला की फोडणी: मोहरी, जिरं, ठेचलेला लसूण, कढीपत्ता, आच कमी करून चटणी आणि लगेच घोटलेली डाळ. आमटी उकळत असताना ओटा आवरून होतो. चाळीस मिनिटांत पानं वाढता येतात. भाकरी बाहेरच्या असतील तर अर्ध्या तासात.

कुकरची शिट्टी चमच्यानं उचलून वाफ काढू नका. डाळ उसळून वर येते आणि हात भाजतो.

## पायरी ८: उरलेल्याचं काय

तक्ता बसला की उरण्याचं प्रमाण कमी होतं, तरी भात उरतोच. आणि भाताच्या बाबतीत आपली सवय धोक्याची आहे. रात्रीचा भात पातेल्यात तसाच ओट्यावर राहतो आणि सकाळी फोडणी दिली जाते. तांदळात बॅसिलस सिरस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात, ते शिजवल्यानं मरत नाहीत. भात उबदार राहिला की ते वाढतात आणि जे विष तयार करतात ते फोडणीच्या उष्णतेनंही जात नाही. उपाय सोपा आहे: जेवणं झाली की भात ताटात पसरून गार करा आणि शिजल्यापासून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशीच संपवा. एप्रिल-मेच्या उकाड्यात तर दोन तासही थांबू नका.

आमटी-कालवण फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस राहतं, पण लागेल तेवढंच काढून खळखळून उकळा. तेच पातेलं पुन्हा पुन्हा गरम-गार करू नका. शिळी भाकरी दह्यात कुस्करून किंवा कांदा-मिरचीची फोडणी देऊन सकाळच्या नाष्ट्याला जाते, त्या दिवशीचे पोहे वाचतात.

## पायरी ९: दोन आठवड्यांनी वही पुन्हा उघडा

बघायचं एवढंच: काय टाकून दिलं आणि कुठल्या वारी तक्ता मोडला. एकाच वारी दोनदा मोडला असेल तर तो वार तुमच्यासाठी जड आहे. गुरुवारी क्लास, कामावरची उशिराची पाळी, काहीही असेल. त्या वाराला राखीव जेवण कायमचं लिहून टाका. एका वेळी एकच बदल करा. सगळा तक्ता नव्यानं लिहायला घेतलात तर पुन्हा पहिल्या दिवसावर याल.

असे तीन आठवड्यांचे तीन कागद तयार झाले की नवीन लिहायचं थांबवा आणि तेच फिरवा. कागदाच्या मागे महिना लिहून कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवा. जूनमध्ये पाऊस लागला की पालेभाजी चिखलाची आणि महाग येते, तेव्हा सोमवारची मेथी काढून तिथं कडधान्य लिहायचं. थंडीत बाजारात वरणा, मटार, गाजरं आली की शुक्रवारचा कोबी बदलायचा. मागच्या वर्षीचा त्या महिन्याचा कागद काढला की हेही पुन्हा ठरवावं लागत नाही.